मराठी ख्रिस्ती इंटरनेट रेडिओ आणि त्याचा ब्लॉग कसा उभारावा

मुंबईतील एखाद्या मराठी ख्रिस्ती मंडळीला किंवा धर्मग्रामाला (पॅरिशला) स्वतःचा रेडिओ सुरू करायचा असेल, तर एफएमचा विचार पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावा. केंद्र सरकारच्या खासगी एफएम धोरणानुसार धार्मिक संस्थांच्या नियंत्रणाखालील किंवा त्यांच्याशी संलग्न असलेल्या कंपन्या परवान्यासाठी अपात्र ठरतात, आणि परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करणे बेकायदा आहे. ख्रिस्ती रेडिओ आपल्याकडे पूर्वी आला तो प्रामुख्याने दुरून, लघुलहरी आणि मध्यमलहरींवरून. मार्कोनीने उभारलेले व्हॅटिकन रेडिओचे केंद्र १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाले, तर हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून फेबा या संस्थेने १९७० पासून लघुलहरींवर भारतीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम ऐकवले. आज तेच काम भाड्याचा एक लहान सर्व्हर करू शकतो. हे टिपण अशा वाचकासाठी आहे, जो दिवसा कुठल्यातरी कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो, संध्याकाळी लोकलने घरी परततो आणि मंडळीसाठी आठवड्यातून काही तासच देऊ शकतो.

अशा एकट्या माणसाच्या हातून रेडिओ चालायचा असेल, तर मंडळीने घेतलेला प्रत्येक निर्णय यंत्राला वाचता येईल अशा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवला पाहिजे. कोणते गीत वाजवण्याची परवानगी आहे, उपवासकाळात काय वाजू नये, पहाटेची प्रार्थना किती वाजता लागते, या गोष्टी कोणाच्या तरी स्मरणात राहिल्या की रेडिओ त्या माणसाच्या रजेवर अवलंबून राहतो. पुढील सर्व रचना याच एका धोरणावर बेतलेली आहे.

आधी हक्क, मग यंत्रणा

हक्कांचा प्रश्न शेवटी पाहू असे म्हणून पुढे ढकलला जातो आणि मग शंभरेक गाणी गोळा झाल्यावर त्यांतली कोणती काढायची हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून काम येथूनच सुरू करावे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार साहित्य आणि संगीत रचनेवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, त्यामुळे त्यांच्या गीतांचे शब्द केव्हाच मुक्त झाले आहेत. मराठी ख्रिस्ती रेडिओसाठी ही मोठीच शिदोरी आहे, कारण टिळकांची भजने आजही उपासनेत गायली जातात आणि बहुतेक श्रोत्यांना ती तोंडपाठ असतात.

मात्र शब्द मुक्त झाले म्हणजे गाणे मुक्त झाले असे होत नाही. एका गाण्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे तीन वेगवेगळे हक्क असतात आणि त्यांवर गायक-वादकांचा सादरकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क असतो, जो ५० वर्षे चालतो. टिळकांचे भजन एखाद्या कॅसेट कंपनीने १९९० च्या दशकात मुद्रित केले असेल, तर ते मुद्रण आपल्याला वाजवता येणार नाही. तेच भजन आपल्या मंडळीच्या गायकवृंदाकडून पारंपरिक चालीत गाऊन घेतले आणि प्रत्येक गायकाची लेखी संमती घेतली, तर ते निर्धास्तपणे वाजवता येते. आकाशवाणीसारख्या प्रसारकांना ठरलेले शुल्क भरून गाणी वाजवण्याची जी वैधानिक सोय कलम ३१-ड मध्ये आहे, तिच्यावर इंटरनेट रेडिओने विसंबू नये. ती सोय रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरती आहे, इंटरनेटवरील प्रसारणाला लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि २०२२ साली खंडपीठाने तो कायम केला. धार्मिक विधीच्या ओघात होणाऱ्या सादरीकरणाला कलम ५२ मध्ये सवलत आहे हे खरे. रविवारची उपासना थेट ऐकवताना तिचा आधार घेता येईल, पण चोवीस तास वाजणाऱ्या प्लेलिस्टला विधी म्हणणे हे ओढूनताणून केलेले समर्थन ठरेल.

पवित्र शास्त्राच्या वाचनालाही हाच नियम लागतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या प्रचलित मराठी आवृत्त्यांवर सोसायटीचा हक्क आहे, तेव्हा अध्यायच्या अध्याय वाचून ऐकवण्यापूर्वी तिला पत्र लिहून परवानगी मागावी. पंडिता रमाबाईंचे निधन १९२२ सालचे असल्याने त्यांचे भाषांतर मुक्त आहे, परंतु नंतर कोणी संपादित केलेली आवृत्ती हाती असेल तर तिच्या पहिल्या पानावरची सूचना वाचून घ्यावी. रमाबाईंची मराठी आजच्या कानाला थोडी निराळी लागते. मला ती पहाटेच्या वाचनासाठी आवडते, पण हा निर्णय पाळकांवर सोडावा.

हे सर्व नोंदवण्यासाठी एक साधा तक्ता पुरतो. प्रत्येक ध्वनिफाइलसाठी एक ओळ, आणि त्या ओळीत फाइलचे नाव, गीतकार, त्याच्या निधनाचे वर्ष, चालीचा स्रोत, मुद्रण कोणी केले, संमतिपत्र कोणत्या फाइलमध्ये आहे आणि गीत कोणत्या काळासाठी योग्य आहे, एवढे रकाने असावेत. हा तक्ता सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात ठेवून गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, घालावा. प्लेलिस्ट तयार करणारी स्क्रिप्ट याच तक्त्यातून यादी उचलेल आणि ज्या फाइलच्या ओळीत संमतीचा रकाना रिकामा असेल ती यादीत घेणारच नाही, अशी तजवीज पहिल्या दिवशी करावी. एखाद्या ज्येष्ठ सभासदाने पेन ड्राइव्हवर आणून दिलेले सुरेख गाणे का वाजत नाही, याचे उत्तर मग तक्ताच देतो आणि अवघडलेले संभाषण टळते.

मुंबईच्या घरात ध्वनिमुद्रण

स्टुडिओ भाड्याने घेण्याची गरज नाही, पण शहराचा आवाज गृहीत धरावा लागतो. लोकल गाड्या मध्यरात्रीनंतर साधारण एक ते चार या वेळात बंद असतात, म्हणून रुळांलगतच्या इमारतीत तेव्हाच मुद्रण करावे असा सल्ला कोणी देईल. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला तो उपयोगाचा नाही. त्याऐवजी डायनॅमिक मायक्रोफोन घ्यावा. कंडेन्सर मायक्रोफोन अधिक नाजूक तपशील टिपतो आणि त्याच नाजूकपणे शेजारच्या कुकरची शिट्टी, कावळे आणि जिन्यातले बोलणेही टिपतो. डायनॅमिक मायक्रोफोन तोंडापासून चार बोटांच्या अंतरावर, किंचित तिरका धरून बोलल्यास आवाज जवळचा येतो आणि खोली मागे पडते. पंखा बंद करावा, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारे उघडी ठेवून त्याच्याकडे तोंड करून वाचावे, आणि पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर सरळ दुसरा दिवस धरावा, कारण तो आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने समाधानकारक निघत नाही.

मुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट या प्रमाणात, डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावे. वाचन सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीचा आवाज मुद्रित करून घ्यावा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या साधनातील गोंगाट कमी करण्याच्या सोयीला तोच नमुना दाखवायचा असतो. ही सोय माफक वापरावी. जास्त वापरली की माणूस पाण्याखालून बोलतो आहे असे वाटू लागते, आणि श्रोता थोडासा गोंगाट सहन करतो, पण असा आवाज सहन करत नाही. विजेच्या ५० हर्ट्‌झच्या गुणगुणीसाठी ८० हर्ट्‌झखालचा भाग कापणारा फिल्टर लावावा. पुरुषाच्या आवाजालाही त्याने फारसा धक्का लागत नाही. १०० हर्ट्‌झवर उरणारी गुणगुण मात्र या फिल्टरने जात नाही, ती सहसा चार्जरमधून येते, म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे.

यानंतर सर्व फाइलींचा आवाज एका पातळीवर आणणे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. गीत जोरात, प्रार्थना हळू, संदेश त्याहून हळू अशी स्थिती असली की आजी रेडिओ बंद करून टाकते. एफएफएमपेग या ध्वनिफाइलींवर प्रक्रिया करणाऱ्या साधनातील लाउडनॉर्म हा फिल्टर यासाठी वापरावा आणि लक्ष्य उणे १६ लुफ्स (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) ठेवावे. युरोपीय दूरचित्रवाणीचे उणे २३ हे प्रमाण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर फार हळू पडते. येथे एक बारकावा आहे. हा फिल्टर एकाच फेरीत चालवला तर तो वाटेत आवाज सतत वरखाली करत राहतो, आणि प्रार्थनेतील विरामात श्वास, खुर्चीची करकर असे सगळे फुगवून वर आणतो. दोन फेऱ्यांत चालवला, म्हणजे पहिल्या फेरीत केवळ मोजणी करून ते आकडे दुसऱ्या फेरीला दिले आणि दुरुस्ती सरळ रेषेत करण्यास सांगितले, तर संपूर्ण फाइल सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली जाते आणि विराम विरामच राहतात. ही दोन फेऱ्यांची आज्ञा पायथनच्या लहानशा स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवावी, म्हणजे ती पुन्हा आठवावी लागत नाही.

आइसकास्ट आणि लिक्विडसोप

प्रक्षेपणासाठी दोन मोफत साधने लागतात. आइसकास्ट हा झिफ संस्थेचा सर्व्हर एक प्रवाह घेऊन तो सर्व श्रोत्यांना वाटतो. लिक्विडसोप हा कोणत्या वेळी काय वाजवायचे ते ठरवून तो प्रवाह आइसकास्टला पुरवतो. दोन्ही एकाच सर्व्हरवर बसवावेत. घरच्या संगणकावरून प्रवाह पुरवण्याचा मोह होतो, पण सोसायटीत केबलवाल्याने वायर हलवली की रेडिओ बंद पडतो.

आधी खर्चाचा हिशेब करावा. एका वाहिनीचा, म्हणजे मोनो, ६४ किलोबिटांचा एमपी३ प्रवाह बोलण्याला आणि साध्या गायनाला पुरेसा आहे. त्याने एका श्रोत्याला तासाला २८.८ मेगाबाइट जातात. अखंड ५० श्रोते महिनाभर ऐकत राहिले तर सुमारे १ टेराबाइट होतो; लहान मंडळीचे प्रत्यक्ष ऐकणे त्याच्या कितीतरी खाली राहते, त्यामुळे सर्वांत स्वस्त योजनेनेही भागते. ओपस हे २०१२ साली प्रमाणित झालेले स्वरूप याहून निम्म्या जागेत तेवढाच चांगला आवाज देते, पण आयफोनवरील सफारीत ऑगमधला ओपस बराच काळ चालत नसे आणि मंडळीत जुने फोन असतातच. म्हणून एमपी३ हा मुख्य प्रवाह ठेवावा, आणि डेटा वाचवू पाहणाऱ्यांसाठी २४ किलोबिटांचा ओपस दुसऱ्या माउंटवर, म्हणजे त्याच सर्व्हरवरील वेगळ्या पत्त्यावर, द्यावा.

आइसकास्ट बसवल्यावर त्याच्या एक्सएमएल फाइलमधील पासवर्ड लगेच बदलावेत. मूळ फाइलीत तेथे ‘हॅकमी’ असे लिहिलेले असते आणि ते तसेच ठेवणाऱ्याची गत त्या शब्दाप्रमाणेच होते. त्याच फाइलीत एमपी३ माउंटसाठी अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट लिहावे. तसे न लिहिल्यास आइसकास्ट गाण्याचे नाव लॅटिन अक्षरसंचातले समजतो आणि मराठी शीर्षकाऐवजी श्रोत्याच्या पडद्यावर उलटीसुलटी चिन्हे उमटतात. आइसकास्ट मुळात ८००० क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो. हे पोर्ट अनेक कार्यालयांच्या नेटवर्कवर बंद असते, शिवाय एचटीटीपीएस असलेल्या पानावर साध्या एचटीटीपीचा प्रवाह ब्राउझर वाजू देत नाही. त्यामुळे पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून प्रवाह ४४३ या पोर्टवरूनच द्यावा आणि एन्जिनएक्सचे बफरिंग (पुढे पाठवण्यापूर्वी साठवून ठेवणे) त्या मार्गापुरते बंद करावे.

लिक्विडसोपची भाषा नवख्याला प्रथम अडवते, पण ती अडवते ती योग्य ठिकाणी. एखादी प्लेलिस्ट रिकामी होण्याची शक्यता असेल, तर तो ‘हा स्रोत अपयशी ठरू शकतो’ अशा अर्थाचा संदेश देऊन सुरूच होत नाही. काही जण यावर एमकेसेफ ही सोय लावून मोकळे होतात. त्याने कार्यक्रम सुरू होतो, पण यादी संपल्यावर नुसती शांतता वाजत राहते. त्याऐवजी फॉलबॅकच्या, म्हणजे एक स्रोत नसल्यास पुढच्याकडे वळण्याच्या, साखळीत सर्वांत शेवटी सर्व्हरवरची एकच फाइल ठेवावी, ज्यात वाहिनीचे नाव आणि एखादे वाद्यसंगीत असेल. साखळीचा क्रम असा असावा : थेट प्रसारण असल्यास ते, नसल्यास वेळापत्रकातील कार्यक्रम, तोही नसल्यास गीतांची यादी, आणि काहीच नसल्यास ती शेवटची फाइल.

वेळापत्रकासाठी लिक्विडसोपमध्ये स्विच असतो. त्याला पहाटे ६ ते ६.३० अशी वेळेची खिडकी सांगितली की त्या वेळी तो प्रार्थनेकडे वळतो, पण चालू गाणे संपल्यावरच. ६ ची प्रार्थना त्यामुळे कधी ६.०३ ला लागते. हे बदलता येते, तरी बदलू नये. गीत मध्येच तोडून प्रार्थना लावणे कानाला रुचत नाही. मात्र त्याचा एक परिणाम लक्षात ठेवावा. खिडकी फक्त ५ मिनिटांची ठेवली आणि तिच्या आधी अर्ध्या तासाचा संदेश चालू असला, तर संदेश संपेपर्यंत खिडकी उलटून गेलेली असते आणि प्रार्थना लागतच नाही. खिडकी प्रशस्त ठेवावी आणि प्रार्थनेआधीच्या तासात लांब संदेश ठेवू नये.

सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते. भारतीय वेळ त्याच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने पहाटे ६ ची प्रार्थना सर्व्हरच्या लेखी मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाची असते. मनातल्या मनात वजाबाकी करत बसण्यापेक्षा सर्व्हरचा टाइमझोनच ‘एशिया/कोलकाता’ करावा आणि त्यानंतर क्रॉन (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सोय) व लिक्विडसोप दोन्ही पुन्हा सुरू करावेत, कारण आधीपासून चालू असलेल्या प्रक्रिया बहुधा जुनीच वेळ धरून बसतात.

शांततेचा प्रश्न ख्रिस्ती रेडिओपुढे विशेष रीतीने येतो. सामान्य वाहिनीवर शांतता म्हणजे बिघाड, आणि लिक्विडसोपमध्ये ती ओळखून पुढच्या फाइलीवर जाण्याची सोय आहे. मूळ नेमणुकीप्रमाणे, म्हणजे सेटिंगप्रमाणे, २० सेकंद आवाज उणे ४० डेसिबलखाली राहिला की ती जागी होते. परंतु पापकबुलीच्या प्रार्थनेत पाळक मुद्दाम थांबतात, शुभ शुक्रवारच्या उपासनेत तर मोठा विराम असतो, आणि यंत्राला तो बिघाड वाटून ते तेथे झांजांचे भजन सुरू करते. सेकंदांची ही मर्यादा वाढवून हा प्रश्न नीट सुटत नाही, कारण ४० सेकंदांची मर्यादा एका प्रार्थनेला पुरते तर दुसरीला पुरत नाही. योग्य उपाय म्हणजे ही सोय संपूर्ण प्रवाहावर न लावता फक्त गीतांच्या यादीवर लावणे आणि प्रार्थना, वाचन व थेट उपासना हे स्रोत तिच्याबाहेर ठेवणे.

रविवारच्या थेट उपासनेसाठी लिक्विडसोपमध्ये हार्बर नावाचा प्रवेशमार्ग असतो. चर्चमधल्या लॅपटॉपवर बट हे छोटे मोफत साधन बसवून, मिक्सरमधून निघालेली वायर त्यात जोडून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून प्रवाह पाठवता येतो. जाड दगडी भिंतींच्या जुन्या चर्चमध्ये सिग्नल वेदीजवळ मिळत नाही, तो दारापाशी मिळतो. वायर तेवढी लांब घ्यावी. जोडणी तुटली की साखळी आपोआप गीतांकडे वळते आणि जोडणी आली की परत उपासनेकडे. धडाधड मागेपुढे होऊ नये म्हणून हार्बरचा बफर १० सेकंदांच्या आसपास ठेवणे बरे.

चर्चचे पंचांग संगणकात

गीतांची यादी वर्षभर एकच ठेवता येत नाही. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा काळ यांची गीते वेगळी, आणि रोमन कॅथोलिक परंपरेत राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या जागरणापर्यंत हालेलूया गायले जात नाही. हे दर वर्षी हाताने बदलणे टाळावे, कारण तारखा सरकतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कधीही येतो. २०२५ साली तो २० एप्रिलला होता, २०२६ साली ५ एप्रिलला येतो आणि २०२७ साली २८ मार्चला. त्याचे गणित जुने आणि किचकट आहे, पण पायथनच्या डेटयुटिल या संग्रहात ते तयार मिळते. फक्त पाश्चात्त्य पद्धत निवडल्याची खात्री करावी.

एकदा ईस्टर मिळाला की बाकीचे दिवस बेरीज-वजाबाकीने निघतात. राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी, झावळ्यांचा रविवार ७ दिवस आधी, शुभ शुक्रवार २ दिवस आधी, पेंटेकॉस्ट ४९ दिवस नंतर. २०२६ साठी हे अनुक्रमे १८ फेब्रुवारी, २९ मार्च, ३ एप्रिल आणि २४ मे असे येतात, आणि आपली स्क्रिप्ट बरोबर आहे की नाही हे याच तारखांवर तपासून घ्यावे. आगमनकाळ मात्र ईस्टरशी बांधलेला नाही. २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमध्ये जो रविवार येईल तो त्याचा पहिला दिवस. या वैश्विक दिवसांच्या जोडीला स्थानिक दिवसांची एक वेगळी फाइल ठेवावी. तीत मंडळीचा वर्धापनदिन येईल, आणि वांद्र्याकडचा धर्मग्राम असेल तर ८ सप्टेंबरच्या सणाला लागून येणाऱ्या रविवारपासूनची माउंट मेरीची जत्राही येईल, ज्या आठवड्यात त्या भागातून थेट प्रसारणासाठी मोबाइल नेटवर्कचा भरवसा धरू नये.

रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट आजचा काळ कोणता हे काढते, हक्कांच्या तक्त्यातील काळाच्या रकान्याशी ते ताडून पाहते आणि दुसऱ्या दिवसाची यादी लिहिते. यादी थेट मूळ फाइलीवर लिहू नये. लिहिणे चालू असतानाच लिक्विडसोपने ती वाचली तर अर्धी यादी हाती येते. आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि मग नाव बदलावे, आणि लिक्विडसोपला ती ठरावीक सेकंदांनी पुन्हा वाचण्यास सांगावे. हालेलूयाचा नियम सर्व मंडळ्या पाळत नाहीत, विशेषतः प्रोटेस्टंट मंडळ्यांत तो सहसा नसतो, म्हणून तो स्क्रिप्टमध्ये कोरून न ठेवता नेमणुकांच्या फाइलीत हो किंवा नाही असा ठेवावा आणि पाळकांना विचारून भरावा.

ब्लॉग

रेडिओवरून गेलेले वाचन किंवा संदेश पुन्हा ऐकायला आणि वाचायला मिळावेत यासाठी सोबत ब्लॉग हवा. लिहिणारे दहाजण असतील तर वर्डप्रेस चांगले. एकटा प्रोग्रॅमर असेल तर ह्यूगोसारखे स्थिर पाने बनवणारे साधन बरे, कारण त्यात मागे डेटाबेस नाही आणि दर आठवड्याला अद्ययावत करावे लागणारे प्लगइन नाहीत. प्रत्येक कार्यक्रमासाठी एक नोंद, तीत शास्त्रभागाचा संदर्भ, गीताचे शब्द, गीतकाराचे नाव आणि ध्वनिफाइल असावी. ह्यूगो आरएसएस, म्हणजे नव्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी यादी, स्वतः तयार करतो. त्यात ध्वनिफाइलचा दुवा, तिचा बाइटांतील आकार आणि प्रकार एवढे भरले की तोच पॉडकास्टचा फीड होतो. नोंदीची ओळख म्हणून जी खूण दिली जाते ती नंतर कधीही बदलू नये, नाहीतर श्रोत्यांच्या ॲपमध्ये जुने सगळे भाग नवे म्हणून पुन्हा उतरतात.

ह्यूगो भविष्यातील तारखेची नोंद मुळात प्रसिद्ध करत नाही. नोंदीत ‘सकाळी ७’ असे टाइमझोनशिवाय लिहिले आणि पाने यूटीसीच्या सर्व्हरवर तयार झाली, तर ती नोंद दुपारी साडेबारानंतरच्या बांधणीपर्यंत दिसतच नाही आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. नेमणुकीत टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ लिहिल्याने हे मिटते.

मराठी शीर्षकावरून आपोआप बनलेला पानाचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवून पाहावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे आणि पत्त्यात नऊ अक्षरांचे होते. ‘उपासना’ या एका शब्दाची ५४ अक्षरे होतात. म्हणून पत्त्यासाठी रोमन लिपीतील छोटे नाव हाताने द्यावे. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये जाहीर करावे, कारण काही फॉन्ट ती खूण पाहूनच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात, एरवी हिंदी वळणे येतात. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता हा मोफत फॉन्ट मोबाइलवर स्वच्छ वाचता येतो.

जुन्या मजकुराचे रूपांतर हे सर्वांत कंटाळवाणे काम. अनेक मंडळ्यांची पत्रके श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली असतात. ती रूपांतरकातून काढल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन रीतींनी लिहिता येतो, एक म्हणजे स्वतंत्र ऱ वापरून आणि दुसरी म्हणजे र, हलन्त व शून्यरुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात आणि शोध घेताना एक दुसऱ्याला सापडत नाही. सर्व मजकूर पहिल्या रीतीत आणणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घालावी.

राखण

रोजची देखरेख थोडी असावी. पाच मिनिटांनी एकदा प्रवाह खरोखर येतो आहे का हे दुसऱ्याच यंत्रावरून तपासणारी क्रॉनची नोंद असावी आणि सलग दोनदा न आल्यासच तिने संदेश पाठवावा. एकदा न येणे नेहमीचे आहे. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांहून अधिक टिकत नाही, तेव्हा त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे की नाही हे पहिल्या खेपेला स्वतः पाहावे. लिक्विडसोपची नवी आवृत्ती मोठ्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, बसवू नये. मूळ डब्ल्यूएव्ही फाइलींची एक प्रत सर्व्हरबाहेर, चर्चच्या कचेरीतल्या हार्ड डिस्कवर ठेवावी, कारण एमपी३ पुन्हा बनवता येते आणि गायकवृंद पुन्हा जमवता येत नाही.

डोमेन आणि सर्व्हरचे खाते प्रोग्रॅमरच्या नावावर न घेता मंडळीच्या ट्रस्टच्या नावावर घ्यावे, नूतनीकरणाची ईमेल कचेरीच्या पत्त्यावर जावी आणि पासवर्डांचा बंद लिफाफा सचिवांच्या कपाटात असावा. त्या लिफाफ्यात गिटचा पत्ता आणि सर्व्हर नव्याने उभा करण्याच्या पायऱ्यांचे छापील पान घालावे, आणि ते पान तरुण संघातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला देऊन, आपण शेजारी गप्प बसून, त्याच्याकडून एकदा रिकाम्या सर्व्हरवर रेडिओ उभा करून घ्यावा. जेथे तो अडेल तेथे पानात दुरुस्ती करावी.